मी दिसतो का?

मधुमेहाला 'साखर' म्हणणे आमच्या जिल्ह्यात तरी बरे दिसत नाही. प्रवरानगरला 1950 साली सहकारी साखर कारखाना सुरू झाला, तेव्हापासून आमच्याकडे साखर म्हणजे सभासदत्व, निवडणूक आणि दिवाळीचे सवलतीचे पोते. ती माझ्या रक्तात सापडली तेव्हा बँकेतल्या सहकाऱ्यांनी अभिनंदन केले. डॉक्टरांनी मात्र "पहाटे चालत जा" एवढेच सांगितले. कुठून ते सांगितले नाही. राहुरीत पहाटे चालायचे म्हणजे नगर-मनमाड रस्ता. (जिल्ह्याचे नाव 2024 साली अहिल्यानगर झाले. आम्ही आधीही 'नगर'च म्हणत होतो, आताही 'नगर'च म्हणतो.)

जानेवारीची थंडी. काळी माकडटोपी, करडा स्वेटर, निळी पँट आणि वर अण्णांची चॉकलेटी शाल. "दरोडेखोर दिसताय," सौभाग्यवती म्हणाल्या. त्यात एकच चूक होती. मी दिसतच नव्हतो.

हे तिसऱ्या दिवशी कळले. दुधाचा एक पिकअप माझ्या शालीचे टोक घेऊन पुढे गेला. ड्रायव्हर पोरगेलासा होता. गाडी थांबवून तो उतरला, थरथरत्या हाताने शाल मला परत दिली आणि म्हणाला, "काका, आईशप्पथ, तुम्ही दिसलाच नाहीत!"

काउंटरवर वीस वर्षे काढलेल्या माणसाला हे वाक्य नवीन नाही. पण मला राग आला तो वेगळ्याच गोष्टीचा. अहो, त्याचे दिवे मला अर्ध्या किलोमीटरवरून दिसत होते! मी त्याला पाहिले, मग त्याने मला कसे पाहिले नाही?

मी कॉमर्सचा पदवीधर. एकाचे नावे ते दुसऱ्याचे जमा, या श्रद्धेवर माझा संसार चालला आहे. पण अंधारात ही कीर्द जुळत नाही. चॉकलेटी शालीवर पडलेला उजेड म्हणजे बुडीत कर्ज. परत काहीच येत नाही. पांढरा सदरा उजेड परत करतो, पण सगळ्या भावकीत वाटून, ड्रायव्हरच्या वाट्याला त्यातले थोडेच. ज्याचे त्यालाच, आल्या वाटेने परत करते ती एकच वस्तू : रिफ्लेक्टरची पट्टी. आमच्याकडे तिला 'रेडियम' म्हणतात. मादाम क्युरींचा तिच्याशी काडीचाही संबंध नाही.

मग हिशेब मांडला. ताशी 60 किलोमीटर म्हणजे सेकंदाला जवळजवळ 17 मीटर. दिवे डिपरवर असले तर गडद कपड्यातला माणूस तीसेक मीटरवर दिसतो. म्हणजे हातात पावणेदोन सेकंद. त्यातला सेकंद-दीड सेकंद पाय ब्रेकवर जाण्यात संपतो. उरलेल्या वेळात त्याने गाडी थांबवायची आणि मी भीमरूपी संपवायची.

माझे एकट्याचे असते तर चालणे बंद करून मी मोकळा झालो असतो. (डॉक्टरांना तसे सांगूनही झाले होते.) पण आकडा मांडून झाला आणि मला अण्णा आठवले.

अण्णा, म्हणजे आमचे वडील, कारखान्याच्या काट्यावरून निवृत्त झालेले. रोज संध्याकाळी सायकलवर शेजारच्या वाडीला भजनाला जातात आणि रात्री दहाला मुळेच्या पाटाच्या रस्त्याने परत येतात. सायकलला डायनॅमो आहे, पण तो टायरला टेकवला की सायकल जड जाते, म्हणून तो कायम सुट्टीवर.

"अण्णा, निदान मागं रेडियम तरी लावा."

"कशापायी? पन्नास वर्षं चालवतोय. रस्ता पाठ हाय मला."

"रस्ता तुम्हाला पाठ आहे; ड्रायव्हरला तुम्ही पाठ नाही ना!"

"धोतर पांढरं हाय की!"

मी त्यांना त्यांच्याच काट्यावरची आठवण करून दिली. रात्री उसाच्या टायरगाड्या समोरून आल्या की बैलांचे डोळे निखाऱ्यासारखे चमकायचे. देवाने बैलाच्या डोळ्यातच रिफ्लेक्टर बसवला आहे, गाडीवानाच्या नाही. मागून मात्र बैलही नाही आणि दिवाही नाही, नुसता लोंबता ऊस. म्हणून तर हंगाम सुरू होताना गाड्यांना, ट्रॉल्यांना मागे लाल पट्ट्या चिकटवतात. फिनलंडमध्ये अर्वी लेह्ती नावाच्या एका शेतकऱ्याने आपल्या घोडागाड्यांसाठी असलेच प्लॅस्टिकचे रिफ्लेक्टर बनवले. पुढे तिथली माणसे ते कोटाला अडकवून हिंडू लागली.

"मंग मी काय डबल ट्रॉली हाय का?" अण्णा म्हणाले.

तेव्हा नाइलाजाने मी जुनोनीचे नाव काढले. 31 ऑक्टोबर 2022 ची संध्याकाळ. सांगोल्याजवळ कार्तिकीला निघालेल्या दिंडीत मोटार घुसली आणि 7 वारकरी गेले. पुढच्याच वर्षी डिसेंबरात आपल्याच जिल्ह्यात, घारगावजवळ, शिर्डीहून आळंदीला चाललेल्या दिंडीत कंटेनर शिरला, 4 गेले. अण्णा स्वतः वारीला जाणारे. ते काही बोलले नाहीत. टाळ काढून पुसत बसले.

दुसऱ्या दिवशी त्यांना पाटावर उभे करून मी मोटारसायकलने प्रयोग केला. मोजमापाला विजेचे खांब. चॉकलेटी शाल : खांबभर अंतरावरूनही नाही. पांढरे धोतर : जेमतेम एक खांब. हातात रेडियमचा तुकडा : तीन खांबांवरून लखलखीत! निष्कर्ष सांगायला मी जवळ गेलो तर अण्णा म्हणाले, "झाला का खेळ? डास चावत्यात."

मी मात्र ट्रॉलीची उरलेली पट्टी मिळवून टोपीला, पाठीला आणि बुटांच्या टाचांना लावली. आता पहाटेची दूधवाली पोरे लांबूनच ओरडतात, "सरका, ट्रॉली आली!" मला वाईट वाटत नाही. ओरडतात म्हणजे दिसतो.

मार्च एंडिंगला घरी यायला रात्रीचे दहा वाजले. पाटाच्या रस्त्याला लागलो आणि लांब, जमिनीलगत, दोन पिवळे ठिपके दिसले. एक वर जाई तेव्हा दुसरा खाली. सायकलची पॅडल्स, दुसरे काय असणार! गाडीचा वेग आपोआप कमी झाला. जवळ गेलो तर मडगार्डवर लाल पट्टी, आणि पायातल्या वहाणांच्या टाचांनाही रेडियमचे तुकडे, कात्रीने नीट गोल कापलेले. माझ्या कपाटातले रीळ आठवडाभर सापडत नव्हते, त्याचाही पत्ता लागला.

मी हॉर्न वाजवला. अण्णांनी पाय टेकून मागे पाहिले.

"कुठनं दिसलो?"

"तिसऱ्या खांबावरून, अण्णा."

"मंग हॉर्न कशाला बडवला?"