गरी आणि गळ

बदलीच्या नोकरीत माणूस पुष्कळ गोष्टींना सरावतो. मुलांच्या शाळा बदलतात, वाणी बदलतो, शेजार बदलतो. सहा महिन्यांत सारे अंगवळणी पडते. छंदही बहुतेक बिऱ्हाडाबरोबर येतात. तबला कुठल्याही गावी वाजवता येतो, फुलझाडांच्या कुंड्या कुठल्याही गॅलरीत मांडता येतात, बुद्धिबळाचा पट तर आगगाडीतही उघडता येतो. गळाने मासे धरण्याच्या छंदाचे मात्र तसे नाही. काठी बरोबर येते, दोरी येते, गळांची डबी येते. पाणी तेवढे मागे राहते. आणि पाण्यावाचून हा छंद म्हणजे नवरदेवावाचून निघालेली वरात!

माझे पाणी म्हणजे दाभोळची खाडी. आमच्याकडे गळाला ‘गरी’ म्हणतात आणि या साऱ्या उद्योगाला ‘गरवणे’. वडील गरवायला निघण्यापूर्वी पंचांग उघडून बसत. नव्या पाहुण्याला वाटे, केवढे हे धर्मनिष्ठ गृहस्थ! पण वडिलांना तिथी हवी असे ती भरतीसाठी. तिथीची पाऊणपट केली की भरतीची वेळ निघते, हा कोकणातला जुना हिशेब. चतुर्थी असली तर तीनच्या सुमारास खाडी भरणार, अष्टमी असली तर सहाच्या. पौर्णिमा-अमावास्येला उधाण, अष्टमीच्या आगेमागे भांग. भरती चढू लागली की तिच्याबरोबर बोय मासे वर येत, त्यांच्या वासावर तांबोशी कपारीतून बाहेर पडे. पाणीच मासा दाराशी आणून सोडी. आपण गरीला कोळंबी लावून वेळेवर हजर राहायचे, एवढेच.

२०१२ साली बँकेने मला सोलापूरला धाडले. बातमी ऐकून आमचे एक मामेभाऊ म्हणाले, “सोलापूर? अरे, तिथे प्यायला पाणी मिळालं तरी पुष्कळ!” त्यांचा आवाज सांत्वनाला आल्यासारखा होता. कोकणात पाऊस वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्याही वर जातो. सोलापुरात तो सातशेच्या आसपास पोचला तरी लोक समाधान मानतात. त्यातून ते वर्ष दुष्काळाचे. आम्ही बिऱ्हाड लावले तेव्हा नळाला तीन-चार दिवसांआड पाणी येई, आणि ते येण्याच्या दिवशी आमच्या गल्लीत सणासारखी गडबड उडे.

सामान बांधताना सौभाग्यवतीने माझ्या काठीकडे पाहिले आणि ती जुन्या लुगड्यात गुंडाळीत म्हणाली, “राहू दे. पडद्याला दांडी होईल.” आणि खरोखरच पुढच्या खोलीचा पडदा त्या काठीवर चढला. वडिलांची काठी ती. येता-जाता मी तिच्याकडे बघे आणि दुसरीकडे तोंड फिरवी.

बाकी सोलापूर आम्हांला चटकन मानवले. एकाच गल्लीत मराठी, कानडी आणि तेलुगू अशा तिन्ही भाषा नांदताना मी प्रथमच पाहिल्या. शेजारच्या काकूंनी पहिल्याच आठवड्यात शेंगांची चटणी आणि कडक भाकरी आणून दिली. ‘ही भाकरी महिनाभर राहते’ असे त्यांनी सांगितले. आमच्याकडे ती दोन दिवसही राहिली नाही. सुट्टीच्या दिवशी मी हिप्परग्याच्या तळ्यावर जाऊन बसे. एकरुखचा तलाव म्हणतात तो हाच, १८७०च्या सुमारास बांधलेला. पाणी विस्तीर्ण, काठ शांत. पण सकाळी जिथे पाहावे तिथेच ते संध्याकाळी. ना चढ, ना उतार. अशा पाण्याशी बोलायचे तरी काय? वडिलांचे पंचांग तिथे मुके झाले होते.

त्या संक्रांतीला, म्हणजे २०१३च्या जानेवारीत, सिद्धेश्वराची गड्ड्याची यात्रा भरली होती. शेजारच्या काकूंचे वडील यात्रेसाठी लेकीकडे आले होते. करमाळा तालुक्यातले, उजनीच्या पाण्याकाठी राहणारे; पिढ्यान्‌पिढ्या भीमेत मासे धरणाऱ्या भोयांच्या घरातले. वय पासष्टीचे, अंग काटक. तिळगूळ घ्यायला आमच्याकडे आले, खुर्चीवर टेकले आणि तिळगूळ हातातच राहिला. नजर पडद्यावर.

“सायेब,” ते म्हणाले, “ह्यो दांडा पडद्याचा न्हाई.”

सौभाग्यवती हसू लागली. मी उठून पडदा काढला आणि काठी त्यांच्या हातात दिली. त्यांनी ती तोलून पाहिली, टोक वाकवून सोडले आणि म्हणाले, “ऐतवारी या जेऊरला.”

तेव्हापासून ते आमचे मामा झाले. सोलापूरहून आगगाडीने जेऊर, तिथून वडापने धरणाच्या पाण्यापर्यंत, असा माझा महिन्या-दोन महिन्यांचा परिपाठ पडला. पहिल्या खेपेला मामांनी मला गळ टाकूच दिला नाही. पाणगवताच्या कडेला उकिडवे बसवून म्हणाले, “पानी बघू नका. पान्याचा उसासा बघा.”

अर्ध्या तासाने मला तो दिसला. गवताच्या फटीत पाणी हलकेच फुगले, एक बुडबुडा फुटला आणि वर्तुळ विरून गेले. ती मरळ होती. या माशाला नुसत्या कल्ल्यांवर भागत नाही. त्याच्या डोक्यात हवेतला श्वास घेण्याची निराळी सोय असते, आणि दर थोड्या वेळाने वर येऊन त्याला हवेचा घोट घ्यावाच लागतो. नाही घेता आला तर तो पाण्यातच गुदमरतो. उलट पाणी आटून नुसता ओला चिखल उरला तरी मरळ काही काळ तग धरते. जिथे पाण्याचा भरवसा नाही, तिथल्या माशाने हवेशी सोयरीक केली आहे! चार दिवसांच्या पाण्याची पिंपे भरून ठेवणाऱ्या आमच्या गल्लीची मला आठवण झाली.

मरळीची तऱ्हा तांबोशीहून वेगळी. ती भक्ष्यामागे भटकत नाही. गवतात दबा धरून बसते आणि वरून बेडूक पोहत गेला की उसळी मारते. गळ तिच्यासमोर नेऊन पोचवावा लागतो, तोही जिवंत वाटेल असा. खाडीत मी मासा येण्याची वाट पाहत असे. इथे त्याच्या उंबरठ्याशी जाऊन कडी वाजवायची. रोहूची रीत आणखी निराळी. त्याच्यासाठी मामा कणकेत शेंगदाण्याची पेंड मळून गोळ्या करीत. पेंडीचा वास घेऊन मी म्हणालो, “मामा, तुमच्याकडे माणसांना शेंगा नि माशांनाही शेंगाच!” ते म्हणाले, “मग? त्येबी सोलापूर जिल्ह्याचंच हाईत न्हवं?”

माझ्या मुलाने पुढे मला एक रबरी बेडूक आणून दिला. तो बनवला होता अमेरिकेतल्या ‘बास’ नावाच्या माशासाठी. हा बासही मरळीसारखाच गवतात दबा धरणारा, आणि तिकडे त्याच्यामागे लोक वेडे असतात. १९३२ साली जॉर्ज पेरी नावाच्या गृहस्थाने जॉर्जियात २२ पौंड ४ औंसांचा बास धरला. तो विक्रम पुढे सत्त्याहत्तर वर्षे कुणाला गाठता आला नाही. २००९ साली त्याची बरोबरी झाली, ती मात्र अमेरिकेत नव्हे, जपानातल्या बिवा सरोवरात. १९२५ साली हा मासा जपानात नेऊन सोडला होता. परक्या मुलखात जाऊन त्याने एवढे अंग धरले!

हे मी मामांना कौतुकाने सांगितले. बदलीच्या माणसाला अशा गोष्टींनी धीर येतो. मामांनी विचारले, “आन् तितलं मूळचं मासं?” जपानात बासने मूळच्या लहान माशांचा फडशा पाडल्याची ओरड आहे, हे मला सांगावे लागले. मामांनी आपल्या जाळ्यातली एक चिलापी उचलून माझ्यापुढे धरली. ही चिलापी मूळची आफ्रिकेतली. आपल्या देशात ती १९५२ साली आली, आणि आज उजनीच्या पाण्यात जिकडेतिकडे तीच. “पोटाला हीच घालती, न्हाई म्हनत न्हाई,” मामा म्हणाले. “पन हिच्यापायी जुनं मासं दिसंनात. पाव्हण्यानं यावं, ऱ्हावं, जेवावं. पर घरधन्याला उपाशी ठिवू नये.”

बोलणे माशांचे होते; पण मीही त्या पाण्यावरचा पाहुणाच होतो. त्या दिवसापासून मी माझ्यापुरता नेम केला. घरी न्यायची ती चिलापी. मरळ धरली तर पुन्हा पाण्यात. आणि पावसाळ्यात तांबूस पिलांचा गोळा पाण्यावर खळबळताना दिसला, तर तिथे गळ टाकायचाच नाही. त्या पिलांच्या खाली आईबाप राखण करीत असतात. अंगावर काहीही आले तरी ते झडप घालतात, म्हणून त्यांना धरणे अगदी सोपे असते. ते गेले की पिले दुसऱ्यांच्या पोटात. “राखनदाराला उचलायचं न्हाई,” ही मामांच्या घरची जुनी शिस्त.

उजनीच्या पाण्यालाही भरती-ओहोटी आहे, हे मात्र मला २०१६च्या उन्हाळ्यात उमगले. धरण १९८० साली पुरे झाले. त्याच्या पोटात सुमारे ११७ टीएमसी पाणी मावते. पण त्यातले ६३ टीएमसीहून अधिक ‘मृत साठा’ म्हणून वापराच्या हिशेबात धरत नाहीत. म्हणून आमच्याकडे धरण ‘शून्य टक्के’ झाले तरी कोरडे होत नाही. नंतर ते ‘उणे’त जाते. सोलापूरकर सकाळी चहाबरोबर वर्तमानपत्रात हा आकडा पाहतो, जसे माझे वडील तिथी पाहत. त्या वर्षी आकडा उण्यात खोल गेला होता. २०२४ साली तर तो उणे पन्नासच्याही खाली उतरला. पाणी असे ओसरले की इंदापूरकडच्या बाजूला पळसदेवचे जुने देऊळ पाण्यातून वर येते, आणि ते पाहायला लोकांची रीघ लागते.

मामांनी मला देवळाकडे नेले नाही. भेगाळलेल्या गाळातून ते दूरवर चालत गेले आणि एका जागी थांबले. गुडघाभर उंचीच्या दगडी भिताडाच्या दोन ओळी, एक जोते, जात्याची एक फुटकी तळी. “हितं चूल,” ते म्हणाले. “हितं आईची खाट. थोरली लेक हितं रांगली.” धरणाचे पाणी चढले तेव्हा ते तिशीत होते. गाव वर माळावर हलले. मी नोकरीसाठी गाव सोडून आलो होतो आणि मनात आले की परत जाऊ शकत होतो. मामा आपल्या गावापासून कोसभरही दूर गेले नव्हते. गावच त्यांच्या डोळ्यांदेखत खाली गेले होते. आणि पुढची सारी वर्षे त्यांनी त्याच पाण्यावर होडी घातली, त्याच पाण्यातून लेकरे वाढवली. मी तेव्हा काही बोललो नाही. जोत्यावर बसून आम्ही दोघांनी तंबाखू खाल्ली आणि ऊन चढायच्या आत परतलो.

२०१८च्या डिसेंबरात मी मामांना कोकणात नेले. त्यांनी समुद्र पाहिला नव्हता. आम्ही खाडीवर पोचलो तेव्हा सुकती लागली होती. होड्या चिखलात कलंडल्या होत्या, खाडीचा तळ लांबवर उघडा पडला होता. मामा काठाने चालू लागले. मान खाली, नजर चिखलावर. बराच वेळ गेला तसा मी विचारले, “मामा, काय हरवलं?”

“भिताडं बघतूय,” ते म्हणाले. “कुनाचं गाव हाय ह्येच्या खाली?”

“कुणाचं नाही, मामा. हे पाणी रोज दोनदा जातं आणि दोनदा परत येतं.”

त्यांचा विश्वास बसेना. मी त्यांना पंचांगाचा हिशेब सांगितला, तिथीची पाऊणपट करून भरतीची वेळ काढून दिली. मग ते कातळावर बसले आणि सांगितलेल्या वेळेला पाणी खरोखर वर चढू लागले, तसे हसून म्हणाले, “दिसातनं दोनदा! मग तुमास्नी आठवन काढायला येळच कुटं गावतोय?”

त्या संध्याकाळी पहिली तांबोशी मामांच्याच गरीला लागली. निवृत्तीनंतर आम्ही सोलापुरातच राहिलो आहोत. धरणाचा आकडा मी रोज पाहतो. पंचांगही भिंतीला आहे. आणि पुढच्या खोलीतल्या पडद्याला सौभाग्यवतीने स्वतः बाजारात जाऊन नवी दांडी आणली आहे.