बोट लागते का?

"चेडवाक बोट लागली तर गो?"

क्रूझचा विषय निघाला आणि सासूबाईंनी एवढंच विचारलं. नवरा लॅपटॉपवर जहाजांची चित्रं दाखवत होता. पाण्याच्या घसरगुंड्या, काचेच्या लिफ्ट, रात्री दिव्यांनी उजळलेला डेक. आई वालाच्या शेंगा सोलत होत्या. त्यांनी मान वर करून चित्र पाहिलं, प्रश्न विचारला आणि पुन्हा शेंगांकडे वळल्या.

"आई, आता कुणाला बोट लागत नाही. एवढ्या मोठ्या जहाजात आपण पाण्यात आहोत हे कळतसुद्धा नाही."

"जहाज मोठा झाला. दर्यो काय ल्हान झालो?"

आमची लेक तेव्हा दोन वर्षं आठ महिन्यांची होती. तिला घेऊन विमान, मग हॉटेल, मग टॅक्सी, पुन्हा हॉटेल, रोज सामान बांधा नि सोडा, हे आम्ही एकदा केरळात करून बघितलं होतं आणि परत आल्यावर आठवडाभर एकमेकांशी नीट बोललो नव्हतो. क्रूझमध्ये बॅग एकदाच उघडायची, खोली आपल्याबरोबर फिरते, जेवण तयार. कल्पना चांगली होती. घरात एक समुद्राची जाणकार बाई आहे, हे मात्र आमच्या लक्षातच आलं नव्हतं.

आई मालवणच्या. त्यांच्या लहानपणी, म्हणजे साठच्या दशकात, मुंबईला यायचं ते आगबोटीने. मालवणला बोट धक्क्याला लागत नसे, खोल पाण्यात उभी राही. किनाऱ्यावरून पडावात बसून तिच्यापर्यंत जायचं, आणि पडाव लाटेवर वर आला की नेमक्या त्या क्षणी शिडी धरायची. लहान मूल असेल तर ते खालच्या हातातून वरच्या हातात जाई, मधे नुसती हवा. डेकवर चटई पसरून जागा धरायची, लिंबू हुंगत बसायचं, तरी निम्मी बोट ओकत असायची. आईंच्या आईच्या तोंडी तर बोट म्हटलं की 'रामदास'च. १७ जुलै १९४७ ला भाऊच्या धक्क्यावरून रेवसला निघालेली ही बोट काशाच्या खडकापाशी बुडाली आणि सहाशेहून अधिक माणसं गेली. त्या पिढीतल्या कोकण्याला समुद्रावरची सहल म्हणजे काय, ते समजावणं कठीणच.

तर एजंट. (नाव सांगत नाही, माणूस वाईट नव्हता, फक्त त्याला 'नाही' हा शब्द येत नव्हता.) मूल लहान आहे, चालेल का? चालेल. दुपारी झोपतं, चालेल का? चालेल. मुलांसाठी क्लब आहे ना? आहे, आहे, तुम्ही मूल सोडायचं आणि मजा करायची. पैसे भरायच्या आदल्या रात्री मी सगळे नियम वाचायला बसले, तेव्हा झोप उडाली. बहुतेक कंपन्या सहा महिन्यांखालचं बाळ घेतच नाहीत, आणि सलग बरेच दिवस समुद्रातच असणाऱ्या लांबच्या सफरींना किमान वय वर्षाचं असतं. ते आम्ही केव्हाच ओलांडलं होतं. पण मुलांचा क्लब साधारणपणे तिसऱ्या वर्षापासून, तोही लंगोट सुटला असेल तर! त्याआधी आईबापांपैकी कुणीतरी शेजारी बसून राहायचं, किंवा एखाद्या जहाजावर तान्ह्यांसाठी पाळणाघर असलं तर तासावर पैसे मोजायचे. पोहण्याच्या तलावाचंही तसंच. लंगोटातल्या मुलाला मोठ्या तलावात उतरू देत नाहीत, पाण्यात घालायचा खास लंगोट असला तरी बऱ्याच जहाजांवर चालत नाही. घसरगुंड्यांना उंचीची अट. म्हणजे ज्या चित्रांवर नवरा भाळला होता, त्यात आमच्या लेकीला काठावर उभं राहून रडण्याचं काम होतं.

मग मी उलट्या बाजूने विचार करायला लागले. जहाज बाजूला ठेवलं आणि लेकीचा दिवस कागदावर मांडला. सकाळी साडेपाचला जाग. साडेबाराला वरणभात. एक ते तीन झोप, ती चुकली तर संध्याकाळ सगळ्यांची गेली. आठला पुन्हा झोप. आता यात जहाज बसवा.

एजंटच्या यादीतली सिंगापूरची सफर इथेच पडली. मुंबईहून साडेपाच तासांचं विमान, अडीच तासांचा वेळेचा फरक, आणि पोहोचल्यावर लगेच बंदर. चार रात्रींतल्या दोन तिच्या झोपेची घडी बसवण्यातच गेल्या असत्या. युरोपची तर बातच सोडा. शेंगेन व्हिसाची कागदपत्रं हा वेगळा संसार. शिवाय तिथल्या सफरीत रोज नवं बंदर, आठ-दहा तास पायी हिंडणं, आणि नेमकं एक वाजता आपण कुठल्यातरी चर्चच्या पायऱ्यांवर झोपलेलं मूल खांद्यावर घेऊन उभे. यादीत सँटोरिनी होतं. तिथे मोठं जहाज धक्क्याला लागत नाही, लहान बोटीतून किनाऱ्यावर नेतात, आणि पुढे कड्यावरच्या गावात जायला रोपवे, नाहीतर पाचशेहून अधिक पायऱ्या. हे मी आईंना वाचून दाखवलं.

"म्हणजे पडावच मगे," आई म्हणाल्या. "येवढे पैशे भरून?"

तेव्हापासून प्रत्येक सफरीत आमचा दुसरा प्रश्न ठरला: जहाज धक्क्याला लागतं, की पडाव? लक्षद्वीपही याच चाळणीत अडकलं. प्रवाळाच्या कडेबाहेर जहाज थांबतं आणि पुढे लहान होड्या.

पहिला प्रश्न अर्थातच आईंचा होता, आणि त्याचं उत्तर माहितीपत्रकात नव्हतं. बालरोगतज्ज्ञांना विचारलं. ते म्हणाले, दोन वर्षांखालच्या मुलांना सहसा बोट लागत नाही, पुढे मात्र त्रास वाढत जातो. औषध मनाने द्यायचं नाही, वजन बघून ते स्वतः लिहून देतील. हलकं खायला द्या, मोबाइल दाखवू नका, बाहेर दूरवर बघू दे. आमची लेक दोन आणि तीनच्या मधली, म्हणजे अंदाज बांधता येईना. तेव्हा चाचणी घ्यायची ठरवली. एका रविवारी भाऊच्या धक्क्यावरून मांडव्याच्या रो-रोमध्ये चढलो. २०२० पासून ही फेरी सुरू आहे, गाडीसकट तासाभरात पलीकडे. लेक सगळा वेळ खालच्या गाड्या मोजत होती, तिला काही झालं नाही. आई रेवसच्या दिशेला बघत होत्या. काशाचा खडक कुठे, ते त्यांनी खलाशाला विचारलं, त्याने हात केला, त्यांनी नमस्कार केला. नवरा मात्र अर्ध्या वाटेत गप्प झाला होता. त्याने चहा जास्त झाल्याचं सांगितलं.

शेवटी ठरली ती मुंबई-गोवा-मुंबई, दोन रात्री, डिसेंबरात. पावसाळ्यात बोट नाही हा आईंच्या काळचा नियम, आणि दर्या शांत होतो तो त्यानंतरच, हे आजही खरं आहे. जहाज 'एम्प्रेस', सप्टेंबर २०२१ पासून मुंबईहून सुटणारं. १९९० साली फ्रान्समध्ये सेंट-नाझेरला बांधलेलं, तेव्हा नाव 'नॉर्डिक एम्प्रेस', लांबी २११ मीटर. "जुनं आहे," नवरा नाक मुरडून म्हणाला. "म्हणजे पस्तीस वर्सां बुडूक नाय मां?" आईंनी निकाल दिला. मला महत्त्वाचं होतं ते हे की पासपोर्ट नको, विमान नको, आणि अगदीच बिनसलं तर तिसऱ्या दिवशी सकाळी आपण मुंबईत.

खोली निवडण्यात मी सगळ्यात जास्त वेळ घालवला आणि त्याचा मला अभिमान आहे. एजंट बाल्कनी गळ्यात मारत होता. अडीच वर्षांचं मूल, जे खुर्ची ओढत नेऊन ओट्यावर चढतं, त्याच्यासाठी बाल्कनी म्हणजे दोन दिवस एका माणसाने कडी धरून बसायचं. बिनखिडकीची आतली खोली स्वस्त, आणि दिवसा अंधार म्हणून दुपारच्या झोपेला झकास. पण आईंना बाहेर दिसायला हवं होतं. म्हणून न उघडणाऱ्या खिडकीची घेतली. ती कुठे असावी? सी-सॉ आठवा. टोकं वरखाली होतात, मधला भाग जवळपास जागेवर. जहाजाचंही तेच, म्हणून मधली, आणि खालच्या मजल्यावरची. मग त्या खोलीच्या वर काय आणि खाली काय, तेही नकाशावर बघितलं. डोक्यावर तलावाचा डेक असेल तर पहाटे खुर्च्या ओढल्याचा आवाज, पायाखाली थिएटर असेल तर मध्यरात्रीपर्यंत ढोल. वर खोल्या, खाली खोल्या, अशी जागा सापडेपर्यंत मी एजंटला पाच वेळा फोन केला. आईंनी खिमट शिजवायला छोटा इलेक्ट्रिक कुकर काढून ठेवला होता, तो परत कपाटात गेला. जहाजावर आगीची धास्ती असते, कॉइल तापणाऱ्या वस्तू नेऊ देत नाहीत.

मुंबई बंदराच्या ग्रीन गेटमधून आत गेल्यावर रुंद, कठडे असलेल्या जिन्यावरून जहाजात चढलो. लेक माझ्या कडेवर. आई मधेच थांबल्या, खाली जहाज आणि धक्का यांच्यातल्या चिंचोळ्या पाण्याकडे बघितलं, आणि काही न बोलता चालू लागल्या.

सुटण्याआधी सगळ्यांना ठरलेल्या जागी जमवून इशारा ऐकवतात. सात आखूड भोंगे, एक लांब. २०१२ मध्ये इटलीजवळ 'कोस्टा काँकॉर्डिया' उलटली, त्यानंतर ही कवायत निघण्यापूर्वी किंवा निघताक्षणी घेण्याचा आंतरराष्ट्रीय नियम आला. भोंग्याला लेक घाबरली आणि आजीच्या पदरात शिरली. मी मात्र लहान मापाचं लाइफ जॅकेट हातात घेऊन बघितल्याशिवाय हलले नाही. पंधरा किलोखालच्या बाळाचं जॅकेट वेगळं असतं, आणि चोवीस तासांहून मोठ्या सफरीत अशा प्रत्येक बाळामागे एक जहाजावर असायलाच लागतं. आमची लेक तेरा किलोची. ते मागताना मला जराही संकोच वाटला नाही, तुम्हीही बाळगू नका.

बाकीचं थोडक्यात. लेक दोन्ही दुपारी झोपली. दहीभात, केळं आणि पाव एवढंच खाल्लं. लिफ्टमधून सतरा वेळा वरखाली केलं. गोव्याला आम्ही दोन तास उतरलो आणि उन्हाला कंटाळून जहाजावर परत आलो. रात्रीचा एकही कार्यक्रम बघितला नाही, कारण आठला दिवे बंद. बोट लागली ती नवऱ्याला. पहिल्या रात्री जेवणानंतर तो आडवा झाला, आणि आईंनी पिशवीतून लिंबू काढून त्याच्या उशाशी ठेवलं. ते त्यांनी घरूनच आणलं होतं.

पहाटे साडेपाचला लेक नेहमीप्रमाणे उठली. आई तिला घेऊन वर गेल्या, मागोमाग मी. डेकवर कुणी नव्हतं. पूर्वेला किनाऱ्याची नुसती काळी रेघ, आणि तिच्यावर दोन-चार दिवे. मालवण तिकडेच कुठेतरी, असं आई म्हणाल्या. लेकीने हात हलवून टाटा केला. जहाज थांबलं नाही, वेगही कमी झाला नाही.

आता नवरा म्हणतो, पुढच्या वेळी मोठी सफर करू. करू. लेक तीन पूर्ण होऊ दे, लंगोट सुटू दे, आणि त्याला आधी मांडव्याला जाऊन येऊ दे. तोवर एजंटचा फोन मी उचलत नाही.