रघुराजपूर : बेताच्या खिशाला परवडणारे चित्रांचे गाव

पुरीला जगन्नाथाचे दर्शन झाले, समुद्रावर मुलांचे मनसोक्त खेळून झाले, की बहुतेक कुटुंबे खाजाचे पुडे बांधून परतीच्या तयारीला लागतात. सामानात एखादे चित्रही असते, पण छापील. हाताने काढलेले चित्र घेणे हे श्रीमंतांचे काम, अशी आपली समजूत! ती दूर करायची तर भुवनेश्वरच्या वाटेवर दहा-बारा किलोमीटरवर, चंदनपूरजवळच्या रघुराजपूरसाठी अर्धा दिवस राखून ठेवावा.

भार्गवी नदीच्या काठचे, नारळीच्या सावलीतले हे गाव. समोरासमोर घरांच्या दोन रांगा, मधोमध छोटी देवळे आणि ओट्यांवर मान खाली घालून बसलेले चित्रकार. ओडिसी नृत्याचे थोर गुरू केलुचरण महापात्र इथलेच.

इथले पट्टचित्र कापडावर काढतात. चिंचोक्यांच्या खळीने कापडाचे दोन थर चिकटवायचे, त्यावर खडूची भुकटी चढवायची आणि दगडाने घासून गुळगुळीत करायचे. पांढरा रंग शंखाचा, काळा काजळीचा, लाल हिंगुळाचा, पिवळा हरताळाचा. त्यात कवठाचा डिंक. ज्येष्ठातल्या स्नानपौर्णिमेनंतर देव आजारी पडतात असे मानतात. मूर्तींचे दर्शन बंद असते त्या सुमारे पंधरा दिवसांत मंदिरात पूजा होते ती अशा पटांचीच.

एवढा मान असूनही स्वस्त छापील चित्रांनी यात्रेकरू पळवले आणि विसाव्या शतकाच्या मध्यास ही कला जवळजवळ बुडाली होती. 1950च्या दशकात हेलिना झीली या विदेशी बाईंनी चित्रकारांना उत्तेजन दिले, बाजार मिळवून दिला. पुढे मे 2019मध्ये फणी वादळाने घरांची छपरे उडवली, कित्येकांची तयार चित्रे भिजून गेली. तरी ओटे पुन्हा भरले.

गावात शिरताच प्रत्येक ओट्यावरून बोलावणे येते. भिडेखातर पहिल्याच घरी खरेदी करू नये. आधी सगळी गल्ली पाहावी. पट किती मोठा, यापेक्षा त्यातले काम किती बारीक, यावर किंमत ठरते. म्हणून खिसा बेताचा असेल तर मोठ्या ढोबळ पटाऐवजी तळहाताएवढा, पण सुबक पट घ्यावा. लोखंडी लेखणीने कोरून काजळी भरलेले ताडपत्र किंवा गंजपाचे गोल पत्ते हीसुद्धा चांगली सुरुवात. सावंतवाडीची गंजिफा पाहिलेल्यांना हे पत्ते ओळखीचे वाटतील.

‘नैसर्गिक रंग’ असे सगळेच सांगतात. पण आज तयार रंगही सर्रास वापरले जातात. करवंट्यांतले रंग दाखवा, असे सरळ म्हणावे. खरा कारागीर आनंदाने दाखवतो. घासाघीस करण्यापूर्वी या चित्राला किती दिवस लागले, एवढे विचारावे. उत्तर ऐकल्यावर पुष्कळांची जीभ आपोआप आवरते! मागच्या बाजूला चित्रकाराचे नाव आणि तारीख लिहून घ्यावी.

पटाची घडी मात्र घालू नये, खडूचा थर तडकतो. नळकांड्यात सैल गुंडाळून न्यावा, आणि घरी ओल येणारी भिंत सोडून टांगावा.