तळाशी राहिलेले दाणे

आजी तांदळाचा डबा कधी पूर्ण रिकामा करत नसे. मूठभर दाणे तळाशी राहिलेच पाहिजेत. डबा खरवडू नये, म्हणायची. ‘विश्व शून्यातून निर्माण झालं’ असं कुठे वाचलं की मला हटकून तो डबा आठवतो.

वाक्य उथळ नाही. एडवर्ड ट्रायन या अमेरिकी भौतिकशास्त्रज्ञाने १९७३ साली ‘नेचर’मध्ये मांडलं होतं: द्रव्याची ऊर्जा धन, गुरुत्वाकर्षणाची ऋण. दोहोंची बेरीज शून्य भरत असेल, तर अख्खं विश्व उभं राहायला पदरचं काहीच मोडावं लागत नाही. निर्वातात सतत उठणाऱ्या तरंगांपैकीच हा एक, फक्त टिकून राहिलेला. हा हिशेब पहिल्यांदा उमगला त्या रात्री मला झोप लागली नाही.

पण निर्वात म्हणजे ‘काहीच नाही’ नव्हे. विद्युतभार नसलेल्या धातूच्या दोन पट्ट्या अगदी जवळ आणल्या, मधली हवा काढून टाकली, तरी त्या एकमेकींकडे ओढल्या जातात. हेंड्रिक कॅसिमिर यांनी १९४८ साली हे वर्तवलं, पुढे ते मोजलंही गेलं. रिकाम्या जागेतही क्षेत्रं थरथरत असतात. डबा खरवडलेला नाही.

अलेक्झांडर व्हिलेन्किन यांनी १९८२ साली आणखी खाली हात घातला. अवकाश नाही, काळ नाही, आणि तरी क्वांटम नियमांनुसार इवलंसं विश्व अवतरतं. म्हणजे नियम राहिलेच की तळाशी! मराठीत ‘काहीच नाही’ म्हणायलाही आधी ‘काही’ लागतं.

सगळं द्रव्य एका क्षणी अचानक प्रकटलं, हे खगोलशास्त्रज्ञ जयंत नारळीकरांना पटत नसे. फ्रेड हॉएल यांच्यासोबत त्यांनी ऋण ऊर्जेचं एक क्षेत्र मांडलं, द्रव्य निर्माण होताना ऊर्जेचा ताळेबंद बिघडू नये म्हणून. १९६५ साली जाहीर झालेल्या वैश्विक पार्श्वप्रारणाच्या शोधाने विश्वाला आरंभच नाही असं मानणारी त्यांची स्थिर विश्वाची बाजू लंगडी पडली. पुरावा महास्फोटाकडे झुकतो, हे मलाही मान्य आहे. तरी नारळीकरांचा तो आग्रह मला फार मोलाचा वाटतो: आलं म्हणता, तर कशातून आलं ते सांगा.

लहानपणी मी आजीला विचारलं होतं, डबा नवा होता तेव्हा तळाशी दाणे कुठून आले?

“नवा कुठला रे? सासूबाईंनी दिला मला,” ती म्हणाली. “दाण्यांसकट.”