पावसाळ्यातला खर्ज

पहाटेचे सव्वापाच. कोथरूडमधल्या एका फ्लॅटची गॅलरी. बाहेर आषाढाचा पाऊस कोसळतोय. आत जुन्या सतरंजीवर ट्रेनर मांडलेला, त्यावर सायकल, समोर टेबलफॅन, हँडलवर पंचा. सायकलवर बसलेल्या बाई बँकेत नोकरी करतात. वय ४२, दोन मुलं, साडेसहाला डबे भरायचे. मी त्यांना फक्त एवढंच सांगतो, "तेराचा पाढा म्हणा."

"तेरा चोक बावन्न, तेरा पंचे पासष्ट..." आणि त्या श्वासासाठी थांबल्या. घड्याळात नाडी १४६.

"गिअर हलका करा."

पाच मिनिटांनी नाडी १२९ वर आली आणि अख्खा पाढा न अडखळता म्हणून झाला. मी म्हटलं, "आता तासभर याच्या वर जायचं नाही." त्यांनी विचारलं, "सर, एवढं हळू? यानं काय होणार?"

गेली कित्येक वर्षं नोकरदार सायकलस्वारांना शिकवताना हा प्रश्न मला दर पावसाळ्यात ऐकू येतो. त्याचं सविस्तर उत्तर इथे देतो.

आपल्याकडे सायकलिंगचा हंगाम पावसाळा सरला की सुरू होतो. ब्रेव्हे, म्हणजे ठरलेल्या मुदतीत पुऱ्या करायच्या लांब पल्ल्याच्या सायकलफेऱ्या, त्यांचं नवं वर्षही १ नोव्हेंबरला उघडतं. २०० किलोमीटरला साडेतेरा तास, ३०० ला २०, ४०० ला २७, ६०० ला ४०, या मुदती ज्याला पाळायच्या आहेत त्याची खरी तयारी जून ते सप्टेंबरमध्ये होते. नेमके हेच महिने बहुतेकांची सायकल भिंतीला टेकलेली असते. गायकाला विचारा, तो पहाटे उठून तान घेत नाही. आधी खर्ज लावतो, एकच स्वर, सावकाश, पुन्हा पुन्हा. मैफिलीत खर्जाचा रियाज कुणाला दिसत नाही, पण तिसऱ्या तासाला आवाज टिकतो तो त्याच्याच जोरावर. सायकलवरची संथ मेहनत म्हणजे हा खर्ज.

संथ पेडल मारताना शरीरात बरंच काही घडत असतं. रक्तातला द्रव वाढतो, हृदय दर ठोक्याला जास्त रक्त ढकलू लागतं, स्नायूंभोवती केशवाहिन्यांचं जाळं दाट होतं. स्नायूंच्या पेशींतल्या मायटोकॉन्ड्रिया, म्हणजे जिथे प्राणवायूच्या मदतीनं इंधन जळतं त्या भट्ट्या, संख्येनं आणि ताकदीनं वाढतात. सरावानं या भट्ट्यांची क्षमता जवळपास दुप्पट होते, हे अमेरिकन संशोधक जॉन होलोझी यांनी १९६७ मध्ये उंदरांच्या स्नायूंवर दाखवून दिलं.

याचा उपयोग हिशेबानंच पाहू. शरीरात ग्लायकोजेनच्या रूपात साठवलेली साखर सुमारे ४०० ते ५०० ग्रॅम, म्हणजे साधारण २,००० कॅलरी. जोरात सायकल चालवली तर तासाला ५००-६०० कॅलरी सहज जातात. सगळा भार साखरेवर टाकला तर तीन-चार तासांत कोठार रिकामं होतं, पाय लुळे पडतात, डोळ्यांपुढे अंधारी येते. सायकलवाले याला 'बाँक झाला' म्हणतात. चरबीचा साठा मात्र सडपातळ माणसाकडेही हजारो कॅलरींचा असतो. पाया पक्का असलेला सायकलस्वार त्याच वेगाला जास्त चरबी जाळतो आणि साखर खंबाटकी घाटाच्या चढासाठी राखून ठेवतो.

हा विचार जगाला पटवला तो न्यूझीलंडच्या आर्थर लिडियार्ड यांनी. बुटांच्या कारखान्यात काम करणारा हा प्रशिक्षक आपल्या ८०० मीटरच्या धावपटूलाही आठवड्याला १०० मैल पळायला लावी. १९६० च्या रोम ऑलिंपिकमध्ये त्यांचे दोन शिष्य सुवर्णपदक घेऊन आले, पीटर स्नेल ८०० मीटरमध्ये आणि मरे हॅलबर्ग ५,००० मीटरमध्ये.

इथेच माझ्या हातून एक चूक झाली, ती मोकळेपणानं सांगितली पाहिजे. सुरुवातीच्या काळात मी पुस्तकांतलं वेळापत्रक जसंच्या तसं नोकरदारांच्या हाती दिलं. रोज दोन तास संथ, रविवारी पाच तास. तिसऱ्या आठवड्यात निम्मी माणसं गळाली. उरलेल्यांनी तास कमी केले, वेग तेवढाच संथ ठेवला, आणि ऑगस्टअखेर त्यांच्यात काहीच फरक दिसला नाही. ती योजना आठवड्याला पंधरा-वीस तास देऊ शकणाऱ्यांची होती. सहा तासांच्या माणसाला तिची छोटी आवृत्ती चालत नाही. एवढ्या संथ भाराची शरीराला थोड्याच आठवड्यांत सवय होते आणि मग बदलायचं त्याला कारण उरत नाही. वेळ कमी असेल तर एका दिवशी जोर वाढवावाच लागतो.

आता मी सहा तास असे वाटतो. मंगळवारी एक तास कसून. गुरुवारी आणि शनिवारी एकेक तास पाढ्याच्या वेगानं. रविवारी तीन तास, तेही पाढ्याच्याच वेगानं. आठवड्यातून दोनदा वीस मिनिटं बैठका आणि पाठ-पोटाचे व्यायाम.

मंगळवारच्या जोराचं माप एफटीपीवरून ठरतं. तासभर जेमतेम टिकवता येईल तो जोर म्हणजे एफटीपी. वीस मिनिटं जीव तोडून चालवा, सरासरी वॅट काढा, त्यातून पाच टक्के वजा करा, आकडा मिळतो. मंगळवारी त्याच्या ८८ ते ९४ टक्के जोर लावायचा. याला 'स्वीट स्पॉट' म्हणतात. पॉवर मीटर नसेल तर खूण सोपी आहे: पाढा म्हणता येत नाही, तीन-चार शब्दांचं वाक्य मात्र बोलता येतं. पहिल्या महिन्यात आठ-आठ मिनिटांच्या तीन फेऱ्या, दुसऱ्यात बारा-बारा मिनिटांच्या तीन, तिसऱ्यात वीस-वीस मिनिटांच्या दोन. मध्ये पाच मिनिटं हलकं पेडल. दर चौथ्या आठवड्याला सगळं निम्म्यावर आणायचं, कारण शरीर बांधलं जातं ते विश्रांतीत.

ही योजना मोडते ती बहुधा गुरुवारी किंवा रविवारी. ग्रुपमधला कुणी पुढे जातो, अंगात चुरस येते आणि संथ दिवस मध्यम जोराचा होऊन बसतो. मग मंगळवारी पाय जड, कसून काही होत नाही, आणि आठवडाभर माणूस एकाच मधल्या पट्टीत गात राहतो. दमतो भरपूर, सुधारत नाही. म्हणून पावसाळ्यातले रविवार एकट्यानं किंवा एका समंजस सोबत्याबरोबर करा. चांदणी चौकातून पिरंगुट, पौड करत मुळशीपर्यंत जा. घाट आला तर सगळ्यात हलका गिअर टाका, कुणी मागे टाकलं तर टाकू द्या. पांढरे पट्टे आणि ड्रेनेजची झाकणं ओली असताना त्यांवर वळू नका. घरी आल्यावर चेन धुऊन, पुसून, तेल दिल्याशिवाय सायकल ठेवू नका. रस्त्यावर समोरचं दिसेनासं होईल असा पाऊस असेल तर सरळ ट्रेनर लावा. पण घरात वारा लागत नाही, अंग तापतं, नाडी चढते, म्हणून पंखा हवाच.

पाया बसतोय की नाही, हे तपासायची एक पद्धत मला फार भरवशाची वाटते. दीड तास एकाच जोरानं चालवा आणि पहिल्या अर्ध्याची सरासरी नाडी दुसऱ्या अर्ध्याशी ताडून पाहा. जोर तोच असून नाडी १२८ वरून १४० वर गेली, तर पाया अजून कच्चा आहे. फरक पाच टक्क्यांच्या आत आला की समजा, खर्ज लागला. त्या बँकेतल्या बाईंचा हा फरक सप्टेंबरअखेर चार टक्क्यांवर आला. वेग वाढवा असं मी एकदाही सांगितलं नव्हतं, तरी १२९ च्याच नाडीला त्यांची सायकल जूनपेक्षा जोरात पळत होती.

नोकरी सांभाळून हे होतं का, अशी शंका असेल तर आपल्याच लोकांकडे पाहा. नाशिकचे डॉक्टर बंधू हितेंद्र आणि महेंद्र महाजन यांनी २०१५ मध्ये दोघांच्या संघात 'रेस अक्रॉस अमेरिका' ही सुमारे ४,८०० किलोमीटरची शर्यत नऊ दिवसांच्या आत पुरी केली. २०१७ मध्ये लष्करातले डॉक्टर श्रीनिवास गोकुलनाथ आणि नागपूरचे डॉ. अमित समर्थ यांनी ती एकेकट्यानं पार केली. त्यांच्याएवढं अंतर आपल्याला कापायचं नाही. पण दिवस त्यांचाही चोवीस तासांचाच होता.

खंड पडला म्हणून खचणाऱ्यांसाठी आणखी एक गोष्ट. १९८४ मध्ये एडवर्ड कॉइल यांनी मुरलेल्या खेळाडूंचा सराव बंद करून १२ आठवडे मोजमाप केलं. प्राणवायू वापरण्याची कमाल क्षमता पहिल्या दोन-तीन आठवड्यांतच सात टक्क्यांच्या आसपास घसरली, पुढे सोळापर्यंत. केशवाहिन्यांचं जाळं मात्र बाराव्या आठवड्यातही टिकून होतं. वर्षानुवर्षं विणलेलं लगेच उसवत नाही.

हा अंक तुमच्या हातात असेल तेव्हा पाऊस गेलेला असेल. ज्यांनी पावसाळ्यात खर्ज लावला त्यांनी खुशाल ब्रेव्हेची नोंदणी करावी. ज्यांचा राहून गेला त्यांनी नोव्हेंबरच्या २०० चा हट्ट सोडावा आणि भाऊबीज झाली की पहिल्या मंगळवारी सुरुवात करावी. बारा आठवडे मोजा, संक्रांतीनंतर पाया तयार होतो आणि हंगाम तेव्हाही शिल्लक असतो. पहाटे सव्वापाचला उठा, गिअर हलका ठेवा, आणि तेराचा पाढा पाठ आहे ना, तेवढं पाहा.