भट्टी नको, चूल नको

स्वीडिश माणसाला विचारा, लहानपणी स्वतःच्या हाताने पहिला पदार्थ कोणता केलास? बहुतेक जण शोक्लादबोलचेच नाव घेतील. ओट, लोणी, साखर, कोको आणि थोडी गार कॉफी एकत्र मळायची, लिंबाएवढे गोळे वळायचे आणि खोबऱ्याच्या किसात घोळवायचे. झाले. गोटेबर्गच्या कॅफेंत हे गोळे काउंटरवर कायम असतात, किराणा दुकानात देलिकातो कंपनीचे तयारही मिळतात. हागा भागातल्या भल्यामोठ्या दालचिनी बनची मिजास त्यांना नाही. पर्यटक फोटो काढतात ते बनचे. पण पावसाळी शनिवारी कंटाळलेल्या पोरांच्या पुढ्यात परात येते ती याच गोळ्यांसाठी.

मी बिदर जिल्ह्यातल्या जनवाड्याचा. आमचा मुलूख १ नोव्हेंबर १९५६ पर्यंत हैदराबाद राज्यात होता, मग म्हैसूर राज्यात गेला, त्याचेच पुढे कर्नाटक झाले. घरात मराठी, शाळेत कन्नड, बाजारात दखनी. त्यामुळे गोडाचे गोळे तिन्ही बाजूंनी यायचे. पंचमीला कन्नड शेजारणींकडून उंडी, कधी शेंगदाण्याची, कधी तिळाची. मोहरमला पलीकडच्या घरून मलिदा. आमच्याकडे संक्रांतीचा तिळगूळ आणि घरात बाळंतीण असली की डिंकाचे लाडू.

पण हे सगळे बायकांच्या हातचे. रवा किती भाजला हे आजी नुसत्या वासावरून सांगायची. पाक एकतारी की दोनतारी, हे दोन बोटांत धरून बघायची. पोरांनी चुलीपाशी लुडबुड केली की हाकलून द्यायची, आणि तिचे बरोबरच होते. उकळता पाक काही खेळ नव्हे. मुलग्यांना तर त्या बाजूला कामच नव्हते, बशीत आला की खायचा. लाडू वळायला मी आयुष्यात पहिल्यांदा बसलो तो इथे स्वीडनमध्ये, माझ्या मुलीशेजारी. आणि सूचना ती देत होती.

शोक्लादबोलचे प्रमाण इथल्या प्रत्येक घरात थोडे वेगळे. आमचे असे: ३०० मिलिलिटरचे माप भरून ओट, १०० मिलिलिटर साखर, १०० ग्रॅम लोणी, ३ मोठे चमचे कोको, १ लहान चमचा व्हॅनिला साखर आणि २-३ चमचे कडक, पूर्ण गार झालेली कॉफी. स्वीडिश लोक कोरडा जिन्नस वजनापेक्षा डेसिलिटरच्या मापाने मोजतात. घरोघरी मापांचा एक जुडगा असतो, त्यात मसाल्यासाठी १ मिलिलिटरचेही माप. म्हणजे चिमटीलासुद्धा माप! आजीला हे दाखवले असते तर ती पोट धरून हसली असती.

कच्चे ओट पोटाला बाधत नाहीत का, असा प्रश्न गावाकडून हमखास येतो. ओटचे दाणे आधी वाफवतात आणि मग रुळांखाली चपटे करतात, आपल्या पोह्यांसारखेच थोडेफार. म्हणून ते भाजायची गरज उरत नाही. खरी गोम लोण्यात आहे. ते मऊ हवे, वितळलेले नको. आपला लाडू हात पोळत असताना वळायचा, गार झाला की मिश्रण मोकळे होते. इथे नेमके उलटे. तळहाताच्या उबेनेच गोळा सैल पडतो, म्हणून मळलेले मिश्रण अर्धा तास फ्रिजमध्ये ठेवायचे आणि मग भराभर वळायचे. तुपाने करू नका. लोण्यात थोडे पाणी असते, तेही ओट पितात आणि मऊ होतात. तुपाचा गोळा चिकट आणि जड लागतो. खारे बटर खुशाल वापरा, मिठाने कोको खुलतो. साखर मात्र दळायची नाही, दाताखाली कचकच हवी.

दुसऱ्या महायुद्धात स्वीडन उतरला नाही, तरी कॉफी, साखर, लोणी, पीठ रेशनवर आले. त्याच ओढाताणीत हा पदार्थ घराघरांत रुजला, असे इथे सांगतात. लोणी आणि साखर मोजून मिळत असताना लोण्यासाखरेचा गोळा कुणाला परवडला असेल, अशी शंका मला येतेच. पण मैदा आणि अंडी लागत नाहीत, भट्टी पेटवावी लागत नाही, हे खरे.

मला या पदार्थाचे मोल चवीपेक्षा दुसऱ्या गोष्टीत वाटते. चवीला डिंकाचा लाडू कितीतरी सरस, त्यात वाद नाही. पण शोक्लादबोलमध्ये जाळ नाही, सुरी नाही, बिघडण्यासारखे फारसे काही नाही, म्हणून मोठी माणसे मुलांना स्वयंपाकघरात एकटे सोडतात. त्यात मुलगा-मुलगी हा भेद नसतो. १९६२ पासून इथल्या शाळेत गृहविज्ञान हा विषय मुलगे आणि मुली दोघांनाही सक्तीचा आहे. शेजारचा सातवीतला मुलगा भांडी घासून, ओटा पुसून मगच खेळायला जातो. आमच्या जनवाड्यात या वयाचा मुलगा ट्रॅक्टर चालवेल, पण चहा करणार नाही. हे आता बदलायला हवे आणि सुरुवात जाळाशिवाय होत असेल तर आयांनाही धास्ती नाही.

स्वीडनमध्ये ११ मे हा शोक्लादबोलचा दिवस म्हणून साजरा होतो. गावाकडे करणार असाल तर त्या तारखेच्या नादी लागू नका. बिदरच्या मे महिन्यात लोणी परातीतच पाणी होईल. डिसेंबर-जानेवारीत करा, बटर आदल्या रात्री बाहेर काढून ठेवा, आणि वळायला घरातल्या मुलग्यांना बसवा.