कळलावीचं लेबल

प्रत्येक ऑफिसात एक तरी कळलाव्या असतोच. इकडचं तिकडे, बॉसच्या कानाला लागणं वगैरे. त्याच्याच जातकुळीतलं नाव असलेली एक रानवेल आहे, कळलावी. पावसाळ्यात आमच्या धाराशिवकडच्या शेताच्या कुंपणावर चढायची. तिच्या पानाचं टोकच वळून दोऱ्यासारखं होतं आणि मिळेल त्या फांदीला धरतं. फुलाच्या सहा पाकळ्या मागे वळलेल्या, काठ कुरळे, आधी पिवळ्या, मग लालभडक. सॉलिड दिसतं! आजी मात्र घरात आणू द्यायची नाही. म्हणायची, भांडणं लागतात. (भांडणांचं सोडा, पण कंद खरंच जहाल विषारी.)

माझी एक मैत्रीण बॉटनीवाली. आमच्या बांधावरची ही वेल तिने 2004 साली कॉलेजच्या हर्बेरियमसाठी नेली होती. वर्तमानपत्रात दाबायची, ओले कागद रोज बदलायचे, सुकली की जाड शीटवर चिकटवायची. अशा दोन शीट केल्या, त्यातली एक स्वतःकडे ठेवली. परवा तिचं घर शिफ्ट करताना ती हाती आली. लाल रंग पार उडालेला, चहाच्या डागासारखा. म्हणूनच फुलाचा रंग लेबलवर लिहून ठेवतात म्हणे.

लेबल वाचलं. ग्लोरिओसा सुपर्बा. हे नाव लिनीयसने 1753 साली दिलेलं, अजून तेच. कुल लिलिएसी, ते आता कोल्चिकेसी झालंय. जिल्हा उस्मानाबाद, तो 2023 पासून धाराशिव.

‘दुरुस्त करून टाकायचं का?’ मी विचारलं.

‘हात लावू नकोस!’ जुनं लेबल खोडायचं नाही, फाडायचं नाही, हा हर्बेरियमचा नियम. नवं नाव वेगळ्या चिठ्ठीवर लिहून, तारीख घालून शेजारी चिकटवायचं. पटलं मला. आमच्या जिल्ह्यातल्या वनस्पतींवरचं व्ही. एन. नाईक यांचं 1979 चं पुस्तक आजही ‘फ्लोरा ऑफ उस्मानाबाद’ म्हणूनच शोधावं लागतं. माझ्या शाळेच्या दाखल्यावरही उस्मानाबादच आहे. आजीच्या तोंडी मात्र बोर्ड काहीही म्हणो, कायम धाराशिव.

याच दोन नावांवरून 2023 मध्ये आमच्या फॅमिली ग्रुपवर असं काही वाजलं की मावसभाऊ ग्रुप सोडून गेला. लहानपणी आम्ही एका ताटात जेवलेलो. दिवाळीलाही फोन नाही.

आम्ही दोन चिठ्ठ्या कापल्या. एकीवर कोल्चिकेसी, दुसरीवर धाराशिव, दोन्हींवर तारीख. जुन्या लेबलशेजारी चिकटवल्या. फोटो काढून मावसभावाला पाठवला, खाली एक शब्दही न लिहिता.

ब्लू टिक आलीय.